घटकाभर

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत टेबल एक, पंखा एक,
आणि ऑडिटला उरलेले दिवस अकरा.
मी वही उघडते. मोबाईल थरथरतो.
कुणाला डिझेलच्या परताव्याचं विचारायचंय,
कुणी बांगड्याचा भाव पाठवलाय,
मावसबहिणीच्या जावेने ओट्याला नवा ग्रॅनाइट बसवलाय,
त्याचे सात फोटो.
परत येते तोवर ओळ हरवलेली.
बेरीज पुन्हा वरून.
तीनशे चाळीस रुपये काही जुळत नाहीत.

अभ्यंकरभटजींना हे सहज बोलले
तर ऐंशीच्या घरातला माणूस शिडी लावून माळ्यावर चढला
आणि पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेली तांब्याची वाटी घेऊन उतरला.
बुडाला भोक, सुई जाईल न जाईल एवढं.
"घेऊन जा गो. लग्नात आता मोबाईल लावतत."

तर आता टेबलाशेजारी बादली,
बादलीत पाणी, पाण्यावर वाटी.
मोबाईल बर्फाच्या रिकाम्या खोक्यात.
पाणी खालून आत येत राहतं,
पाहुणा मागीलदारी येतो तसं, कुणाला न सांगता,
आणि चोवीस मिनिटांनी
डुबुक.
मग उठायचं. पायरीवर जाऊन बसायचं.
समोर इनास जाळं शिवत असतो, अंगठ्यात दोरा ताणून.
"बुडाली?"
"बुडाली."
आमच्याकडे हा शब्द कुणी असा उच्चारत नाही.
वाटीपुरती गावाने सूट दिली.

सकाळी तीन घटका, जेवणानंतर दोन,
त्यातली एक झोपेची, खोटं कशाला सांगू.
पण डिझेल संपलं, बर्फ संपला,
जाळ्यांचं अनुदान दोन डुबुकांत आटोपलं.
पेन ठेवायचं तेही बेरजेच्या मध्येच,
हातचा तीन तसाच हवेत ठेवून;
परत आले की तो तिथेच असायचा.

गुरुवारी वाटी बुडली नाही.
मला कळलंच नाही.
मी चौथ्या वहीत होते, पान एकतीस,
जे पान मी तीन आठवडे
कधी चहासाठी, कधी फोनसाठी, कधी नुसतीच
ओलांडून पुढे जात होते.
कल्याण निधी. वजा वीस. वजा वीस. वजा वीस.
सतरा महिने.
खातेदार दत्ताराम जुवाटकर,
ज्याची होडी गेल्याच्या आदल्या आश्विनात
किनाऱ्याला लागली, एकटीच.
वजावट दर पाच तारखेला पडत होती,
जमा कुठूनच येत नव्हती.
अक्षर माझंच.
र चा पाय लांब काढायची माझी सवयसुद्धा.

सही करताना जिभेचं टोक बाहेर काढायचा तो.
एकदा म्हणाला, "माझां नाव लय लांब, बाय,
समुद्रावर कोण हाक मारताना दमता."
मी हसले होते. शाई सांडली होती.
वहीच्या कडेला तो डाग अजून आहे.

मान वर केली तेव्हा खोलीत अंधार,
दीपगृहाचा झोत भिंतीवरून जाऊन परत येत होता
आणि दारात इनास.
"आज बुडली नाय?"
वाटी तरंगत होती, अर्धी भरलेली, शांत.
भोकात माशाचं खवल अडकलं होतं,
पेडव्याचं असेल, बादली धक्क्यावरचीच.
नखाने काढलं. बोटाला चिकटून राहिलं.
झटकलं तरी जाईना.

घरी जायची वेळ टळून गेली होती.
मी वाटी उपडी करून रिकामी केली,
पुन्हा पाण्यावर ठेवली.
लाल पेनाचं टोपण काढलं.
चोवीस मिनिटं, एका रेघेसाठी.

इनास पायरीवर बसून राहिला.
बऱ्याच वेळाने डुबुक झालं.
त्याने विचारलं नाही.